ईश्वरदर्शन मनुष्यास सोसेल काय?

(श्रीनामदेवजयंतीच्या उत्सवात ज्ञातिबांधवांसमोर पुणे येथे दिलेले व्याख्यान)



कार्तिक शुद्ध एकादशी हा श्रीनामदेवमहाराजांचा जन्मदिवस. या दिवशी आपण एकत्र जमतो, महाराजांचे अभंग गातो, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करतो आणि कोणाचे तरी व्याख्यानही शांतपणे ऐकून घेतो. यंदा तो मान चालकांनी माझ्याकडे दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय निवडण्याचे श्रम मात्र मला पडले नाहीत. आपल्याच एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने मला विचारले होते, ‘महाराजांनी देव प्रत्यक्ष पाहिला, असे आपण म्हणतो. मग ते दिपून, भ्रमिष्ट होऊन किंवा जळून कसे गेले नाहीत? मर्यादित मनुष्याला अमर्याद वस्तू दिसली, तर मनुष्य शिल्लक राहील कसा?’ हा प्रश्न चेष्टेचा नव्हता, आणि तो टाळण्यासारखाही नाही. ज्या ज्ञातीने आपल्या नावाआधी नामदेवांचे नाव लावून घेतले, तिला तर याचे उत्तर देणे प्राप्तच आहे.

हा प्रश्न एका देशाचा नाही. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात मोशेची कथा आहे. सीनाय पर्वतावर मोशेने परमेश्वराजवळ त्याचे तेज दाखविण्याची प्रार्थना केली. उत्तर असे मिळाले की, परमेश्वराचे मुख पाहून कोणीही मनुष्य जिवंत राहू शकत नाही. मग मोशेला खडकाच्या कपारीत उभे करण्यात आले, तेज पुढून जाईपर्यंत परमेश्वराने आपल्या हाताने त्याला झाकले आणि अखेर त्याला केवळ पाठमोरे दर्शन घडले. कुराणातही हाच प्रसंग निराळ्या रीतीने येतो. तेथे परमेश्वराचे तेज पर्वतावर प्रकट होताच पर्वताचा चुराडा होतो आणि मूसा मूर्च्छित होऊन पडतो. ग्रीक पुराणातील सेमेली ही राजकन्या झ्यूस देवाकडे त्याच्या खऱ्या रूपाचा हट्ट धरते आणि त्या विजेच्या लोळात भस्म होते. हे लोक परस्परांहून फार भिन्न. परंतु देवाची ओढ आणि देवाचे भय ही दोन्ही त्यांच्या ठिकाणी सारखीच दिसतात.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत भव्य विचार भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात झाला आहे. अर्जुन श्रीकृष्णाचा सखा; एका आसनावर बसणारा, थट्टामस्करी करणारा. त्याने विश्वरूप पाहण्याची इच्छा प्रकट केली. तेव्हा भगवंताने आधी त्याला दिव्य दृष्टी दिली, कारण चर्मचक्षूंना ते रूप दिसणारच नव्हते. म्हणजे पाहणाऱ्याची शक्ती वाढविल्यावाचून दर्शन दिलेलेच नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आणि इतकी तयारी करूनही पुढे काय झाले? अर्जुन कंप पावला, त्याला दिशा कळेनात, सर्व योद्धे त्या मुखांत शिरताना त्याने पाहिले, आणि शेवटी हात जोडून त्याने आपले ओळखीचे सौम्य रूप परत मागितले. तो मेला नाही. पण त्या दर्शनात राहूही शकला नाही.

श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवासे येथे या अध्यायावर भाष्य केले, तेव्हा या जागी त्यांनी एक सुंदर गोष्ट केली. त्यांचा श्रीकृष्ण अर्जुनावर प्रेमाने किंचित रागावतो. अमृताचा समुद्र सापडला असता बुडून मरण्याच्या भीतीने तो टाकून जाणाऱ्या मनुष्यासारखे तुझे हे वर्तन आहे, अशा अर्थाचा दृष्टान्त ते तेथे देतात. अमृतात बुडणाऱ्याला मरण कोठले? तरीही अखेर देव अर्जुनाचा हट्ट पुरवितोच आणि पुन्हा सखा होऊन त्याच्यासमोर उभा राहतो. भक्ताचे भय खोटे आहे, असे ज्ञानदेव म्हणतात. पण त्या भयाचा अव्हेर मात्र करीत नाहीत.

माझ्या अल्पमतीप्रमाणे, अर्जुनाने जे सौम्य रूप परत मागितले, तेच आपल्या महाराष्ट्राने भीमेच्या तीरावर कायमचे उभे करून ठेवले. पंढरीच्या विठोबाकडे पाहा. त्याच्या हातांत उगारलेले शस्त्र नाही. हात कटीवर आहेत. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून भिरकावलेल्या विटेवर तो उभा आहे, अशी आपली श्रद्धा आहे. सेवा आटोपेपर्यंत थांबणारा हा देव! ज्याला पाहून पर्वत चूर होतो, तो येथे भक्ताच्या सवडीची वाट पाहतो. आपल्या संतांना विश्वरूप ठाऊक नव्हते असे नाही; ते जाणूनही त्यांनी मनुष्याला सोसेल असे रूप भजनासाठी पुढे ठेवले.

आता नामदेवमहाराजांकडे वळू. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० हे त्यांचे जन्मवर्ष मानले जाते. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. बाळपणी वडिलांच्या आज्ञेने नैवेद्य घेऊन ते राउळात गेले, देव जेवीना म्हणून रडले, पायरीवर डोके फोडून घेण्यास निघाले आणि देवाला जेवावे लागले, ही कथा आपल्या घराघरांत आयाबहिणी सांगत आल्या आहेत. तिच्यातला एक विशेष आपण सहसा लक्षात घेत नाही. त्या बालकाला देव पाहण्याची भीती वाटलीच नाही. त्याला भीती वाटली ती देव उपाशी राहील याची. मोशेने तेज मागितले, अर्जुनाने विराट रूप मागितले. नामदेवाने काहीच मागितले नाही, उलट ताट पुढे केले. जो मागावयास जातो तो दिपतो आणि जो देण्यास जातो त्याला दिपण्याचे भानच राहत नाही, असा या कथेचा आशय मला वाटतो.

परंतु आपल्या परंपरेचा मोठेपणा असा की, तिने एवढ्यावर समाधान मानले नाही. ज्याच्याशी देव जेवतो, बोलतो, त्या नामदेवालाही तिने परीक्षेस बसविले. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी मडकी तपासण्याचे थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव रागावले. हे मडके अजून कच्चे आहे, असा निवाडा झाला. नामदेव रुसून पंढरीला आले, तर देवानेही तोच निवाडा उचलून धरला आणि त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविले. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले आढळले. ‘जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव,’ असे ते म्हणाले, आणि जेथे जेथे नामदेवांनी पाय ठेवले तेथे तेथे लिंग प्रकट झाले, असे ही कथा सांगते. महिपतीबोवांनी शके १६८४ मध्ये रचलेल्या ‘भक्तविजया’मुळे अशा कथा पुढे मराठी घरोघर पोहोचल्या.

येथे आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. कच्चे मडके आणि भाजलेले मडके यांत माती तीच, आकार तोच. कच्च्या मडक्यात पाणी घातले तर ते विरघळते. भाजलेले मडके पाणी धरून ठेवते आणि तहानलेल्याला देते. आव्यात गेल्याने मडके नाहीसे होत नाही. नाहीसा होतो तो त्याचा कच्चेपणा. त्याचप्रमाणे ईश्वरदर्शनाने मनुष्य मरतो की नाही, या प्रश्नाला ‘कोणता मनुष्य?’ असा प्रतिप्रश्न केला पाहिजे. ‘देव माझा, देवळातला, माझ्याशीच बोलणारा’ असे म्हणणारा नामदेव औंढ्याला राहिला नाही. परत आला तो निराळा नामदेव. त्याची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ‘कोरडी कशी खाल’ म्हणून तुपाची वाटी घेऊन तो त्या मुक्या जीवामागे धावला. शरीर तेच होते. अभिमान मात्र उरला नव्हता. मोशेला मिळालेल्या उत्तराचा हाच अर्थ घ्यावा, असे मी म्हणेन. ‘मी’पण घेऊन देवापुढे गेलेला मनुष्य खरोखरच जिवंत परत येत नाही.

यावर कोणी आक्षेप घेईल. ‘ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये, ऐन तारुण्यात, आळंदीस समाधी घेतली. तुकोबाराय इसवी सन १६५० मध्ये देहूहून वैकुंठास गेले, असे सांप्रदायिक म्हणतात. ज्यांनी देव पाहिला ते संसारात टिकले नाहीत, असेच यावरून दिसत नाही काय?’ या आक्षेपाला नामदेवमहाराजांचे चरित्र हेच उत्तर आहे. ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळी नामदेव उपस्थित होते. त्या प्रसंगाचे हृदयद्रावक वर्णन त्यांच्या नावावरील अभंगांत आहे. आणि त्यानंतर ते चोपन्न वर्षे जगले. शके १२७२, म्हणजे इसवी सन १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस, ऐंशी वर्षांचे होऊन पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीशी त्यांनी कुटुंबासह समाधी घेतली, असे परंपरा सांगते. या दीर्घ आयुष्यात त्यांनी काय केले? भजनकीर्तन करीत उत्तरेत प्रवास केला. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी त्यांचे स्मारक आहे आणि इ. स. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या शीख धर्मग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आदराने समाविष्ट आहेत. पंजाबातील नामदेव आणि पंढरीचे नामदेव एकच की भिन्न, यावर पंडितांनी वाद केला आहे. पण त्या पदांतील कर्ता स्वतःला शिंपी म्हणवितो, विठ्ठलाचे नाव घेतो, आणि गज, कात्री, सुई, दोरा हे आपल्या दुकानातले शब्द देवाच्या भक्तीसाठी वापरतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथेच भरले होते, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. देव पाहून ज्याची कात्री हातातून गळून पडली नाही, अशा पुरुषाचे आपण वारस आहोत.

अर्थात या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवून जयंती साजरी करणे मला प्रशस्त वाटत नाही. नामदेवांच्या घरात माता गोणाई होत्या, पत्नी राजाई होत्या, नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र, सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई आणि जनाबाई असा मोठा प्रपंच होता. मुलगा देवाच्या नादी लागून घर उघडे पडले, ही गोणाईंची तक्रार आणि दारिद्र्याने गांजलेल्या राजाईंचे गाऱ्हाणे वारकरी गाथेत जतन करून ठेवलेले आहे. संप्रदायाने या स्त्रियांचे तोंड बंद केले नाही. देवदर्शनाची किंमत अनेकदा पाहणाऱ्याला नव्हे, तर त्याच्या घरच्यांना मोजावी लागते, हे सत्य त्यांच्यामुळे आपल्याला कळते. आणि त्याच घरात जनाबाईंना दळणाच्या जात्यापाशी देव भेटला. राउळात नव्हे, तपश्चर्येत नव्हे, तर हाताने काम चालू असताना. ज्यांना घर सोडून जाता येत नाही, त्यांना जनाबाईंचा हा दाखला पुरेसा आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून या विषयाला न्याय मिळणार नाही. देव पाहून मनुष्य जगेल काय, हा तत्त्वज्ञाचा प्रश्न झाला. आपल्या देशात शतकानुशतके असंख्य माणसांना देव पाहण्याची मुभाच नव्हती. चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता कूस कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. ते वर्ष इ. स. १३३८ मानले जाते. त्यांच्या अस्थी आणण्यास नामदेवमहाराज स्वतः गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी खूण पटवून त्यांनी त्या गोळा केल्या आणि पंढरीस महाद्वारापाशी समाधी दिली, असे आपण कीर्तनांतून ऐकतो. त्या वेळी नामदेवांचे वय सत्तरीच्या घरात होते. ज्याने देवाला जेवू घातले, त्याला मातीच्या ढिगाऱ्यातील मजुराच्या हाडांतही देवच ऐकू आला. विसोबांनी दिलेला धडा त्यांनी खरोखर पचविला होता, याचा याहून बळकट पुरावा मी तरी पाहिलेला नाही. तरीही पंढरीचे दार हरिजन बांधवांसाठी उघडण्यास इ. स. १९४७ उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना त्या वर्षीच्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. मधल्या सहाशे वर्षांत आपण नामदेवपायरीला नमस्कार करून आत जात होतो आणि समोरच चोखोबांची समाधी बाहेर उभी होती. ज्ञातीच्या सभेत ज्ञातीचा अभिमान सांगावा हे योग्यच. पण नामदेवांचा अभिमान सांगणाऱ्याने ही गोष्टही सांगितली पाहिजे.

आधुनिक शिक्षण घेतलेला तरुण आणखी विचारील की, हे दर्शन म्हणजे मनाचा भ्रम नव्हे कशावरून? याही प्रश्नाचा विचार आपल्या पुण्यनगरीत झाला आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणारे आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात गेलेले गुरुदेव रा. द. रानडे यांनी इ. स. १९३३ मध्ये महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावर मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. देशोदेशींच्या साक्षात्कारी पुरुषांचे अनुभव ताडून पाहावेत, आणि खऱ्या अनुभवाने मनुष्याची बुद्धी मंद न होता त्याची नीती उंचावते की नाही हे तपासावे, अशी त्यांची दृष्टी होती. प्रयोगशाळेत देव दाखविता येत नाही हे खरे. परंतु ज्याने पाहिला असे म्हणतात, त्याचे पुढचे आयुष्य तर सर्वांना दिसते. ते पाहण्यास दिव्य दृष्टी लागत नाही.

ही कसोटी आज आपल्या घरांना फार उपयोगी आहे. दुःखाने खचलेल्या कुटुंबापुढे ‘मी देव दाखवितो’ म्हणून येणारे लोक पूर्वीही होते आणि आजही आहेत. अशा वेळी त्याच्या चमत्काराकडे न पाहता एवढेच पाहावे : हा मनुष्य रागावर ताबा ठेवतो काय? याला टोकलेले सोसते काय? हा देतो की घेतो? भुकेल्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतो की आपलेच ताट मांडून बसतो? गोरोबांचे थापटणे प्रत्येक घरात टांगून ठेवण्यासारखे आहे. ज्या परंपरेने नामदेवांनासुद्धा सूट दिली नाही, तिच्या अनुयायांनी इतर कोणाला ती का द्यावी?

आता शेवटचा मुद्दा. दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात ज्ञानोबातुकोबांच्या पालख्या आपल्या पुण्यात येतात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते. आपल्यापैकी कित्येक जण त्या वेळी वारकऱ्यांच्या पंगती वाढतात. कोणी त्यांचे उसवलेले कपडे, फाटलेल्या पिशव्या शिवून देतात. ‘वारी’ या शब्दाचा विचार करावा. वारी म्हणजे जाणे आणि येणे, पुनःपुन्हा. पंढरीला जाऊन तेथेच राहिला तो वारकरी नव्हे. दर्शन घेऊन जो आपल्या शेतावर, दुकानात, चुलीपाशी परत येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतो, तो वारकरी. पंधरावीस दिवसांची पायपीट, तासन्‌तास रांगेत उभे राहणे, आणि विठोबाच्या पायांवर डोके टेकते न टेकते तोच पुढे सरकावे लागते. अनेकांना तेवढेही मिळत नाही. ते कळसाला हात जोडून मागे फिरतात. नवख्याला हा सौदा तोट्याचा वाटेल. पण मनुष्याला सोसेल एवढेच दर्शन आणि त्याच्या बळावर वर्षभराचे काम, असे हे शहाणपणाचे प्रमाण आपल्या पूर्वजांनी बसविले आहे. आमची आजी निरक्षर होती. शिलाईच्या कामात काजेबटणे करून तिने संसाराला हातभार लावला आणि जमेल तेव्हा वारी केली. लहानपणी मी तिला विचारले, ‘आजी, तुला देव दिसला का?’ ती म्हणाली, ‘दिसला, म्हणून तर घरी आले.’ त्या वेळी मला ते उत्तर हुलकावणीचे वाटले. आज मला वाटते की, नेवाशाच्या भाष्यानंतर या प्रश्नावर मी याहून नेमके काही ऐकलेले नाही.

तात्पर्य, ईश्वराचे दर्शन मनुष्याला सोसते. परंतु मनुष्यातला अहंकार त्याला सोसत नाही. ज्याचा अहंकार गेला तो परत येतो, काम करतो, दुसऱ्याच्या ठिकाणी तेच दैवत पाहतो आणि दीर्घकाळ जगून इतरांच्या पायांखालची पायरी होण्यात धन्यता मानतो. आपल्या तरुण मित्राने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या शक्तीप्रमाणे दिले आहे. त्याने ते ठोकून पाहावे. कच्चे वाटल्यास पुढील वर्षी याच व्यासपीठावरून तसे सांगावे, आम्ही रागावणार नाही.



पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!